आगमनकाळ: मन थाऱ्यावर नसताना नाताळची तयारी कशी करता?

लाटेकाठी | २९ नोव्हेंबर २०२५

उद्या आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांचा, पहिला रविवार. ३० नोव्हेंबर, मग ७, १४ आणि २१ डिसेंबर, की गुरुवारी नाताळ. दरवर्षी या आठवड्यात माझा करंज्यांच्या सारणाचा आणि नव्या पडद्यांचा हिशोब चाललेला असतो. यंदा ते सगळं तसंच पडून आहे आणि त्याचं मला वाईटही वाटत नाहीये. म्हणून हा धागा काढते आहे.

आम्ही वसईच्या किनाऱ्यावरचे, मच्छीमार. नवरा तांडेल आहे, बोटीचा प्रमुख. यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि ऑक्टोबर सरत आला तरी हटला नाही. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यापासून वादळाच्या इशाऱ्यामुळे किती वेळा अर्ध्या वाटेवरून बोट माघारी आणली, ते मोजणं मी सोडून दिलं. बोट रिकामी आली तरी डिझेलचे, बर्फाचे आणि खलाशांचे पैसे द्यावेच लागतात. ऑक्टोबरच्या शेवटी वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या मांडवावर, घातलेले बोंबील भिजले, त्यांना वास सुटला, शेवटी वाडीत खत म्हणून टाकले. सोसायटीचं कर्ज आहे. रात्री दोनला जाग येते आणि डोक्यात आकडे सुरू होतात.

दुसरी गोष्ट. गेल्या रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आमच्या तरुण मुलांची बैठक झाली, नाताळगीतं गात घरोघर जाण्याबद्दल. गेली कित्येक वर्षं आमची मुलं आळी ओलांडून नव्या इमारतींतही जातात. तिथली हिंदू, मुसलमान कुटुंबं दारात थांबून ऐकतात, मुलांच्या हातावर लाडू-चिवडा ठेवतात. यंदा दोघातिघा पालकांनी सांगितलं, आपल्याच आळीत फिरा, बाहेर नको. कारण कुणी उघड बोललं नाही, पण सगळ्यांच्या फोनवर ख्रिस्ती लोकांना त्रास दिल्याचे तेच व्हिडिओ आलेले आहेत. जुलैत छत्तीसगडमध्ये दुर्ग स्टेशनवर दोन नन्सना अटक झाली, तेव्हापासून माझ्या ओळखीच्या एक सिस्टर लांबच्या गाडीने एकट्या जात नाहीत. माझा सतरा वर्षांचा मुलगा बैठकीतून उठून घरी आला आणि म्हणाला, "भीत भीतच सण करायचा तर करायचाच कशाला?" मला उत्तर देता आलं नाही.

प्रवचनात ऐकतो की आगमनकाळ म्हणजे वाट पाहणं. वाट पाहणं मला माहीत आहे. बोट दोन दिवस उशिरा आली की किनाऱ्यावर बसून जी बघतात ती. तेव्हा मनाला शांती नसते, पोटात गोळा असतो. कुणी चहा आणून दिला तर तो हातातच गार होतो. पण नजर पाण्यावरून हटत नाही. सगळीकडे सांगतात, आधी मन शांत करा आणि मग प्रार्थनेला बसा. माझं मन शांत होत नाही. मग मी बसूच नये का? की पोटातल्या गोळ्यासकट बसायचं?

२०२० ची आठवण येते. रात्री अकरानंतर संचारबंदी होती, म्हणून आमच्याकडे नाताळचा मिस्सा संध्याकाळीच झाला. मोजकी माणसं, तोंडावर मास्क. त्या वर्षी सासरे गेले होते. घरी येऊन मी येशूजन्माच्या देखाव्यासमोर, गोठ्यासमोर बसले आणि एक शब्द सुचला नाही. तरी तो नाताळ मला जितका आठवतो तितका दुसरा कुठलाच आठवत नाही. का, ते अजून उमगलेलं नाही.

ज्यांचं वर्ष वाईट गेलंय त्यांनी सांगा. काय वाचता? काय सोडता? फादरांकडे पापनिवेदनाला कधी जाता? मुलांशी काय बोलता? मी आजवर केलंय ते एवढंच: सुरूच्या फांद्या आणून आगमनकाळाचं चक्र बांधलं आणि दर रविवारी एक पेटवायच्या चार मेणबत्त्या त्यात बसवल्या. तीन जांभळ्या मिळाल्या. गुलाबी काही बाजारात मिळाली नाही, म्हणून पांढरीलाच गुलाबी क्रेप पेपर गुंडाळलाय. पेटवताना तेवढा काढायला हवा.

दर्यावर्दी | २९ नोव्हेंबर

ताई, मी उत्तनचा. तुमचा आकडेवाला दोन वाजताचा प्रकार आमच्याही घरी चालतो.

उद्यापासून मिस्सातल्या बायबल-वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं 'अ' वर्ष लागतंय, म्हणजे रविवारी मत्तयचं शुभवर्तमान. १४ तारखेचं वाचन आत्ताच काढून बघा, अध्याय ११. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. ज्याने यार्देन नदीत स्वतःच्या हाताने येशूला बाप्तिस्मा दिला, तोच आता शिष्यांना पाठवून विचारतोय, येणारा तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट बघू? अख्खं आयुष्य ज्याच्यासाठी घातलं त्याच्याबद्दल हा प्रश्न! मी दहा वेळा ऐकलं असेल, पण २०२१ साली तौक्ते वादळात आमची बोट फुटली आणि त्यानंतरच्या डिसेंबरात मला तो प्रश्न खरा ऐकू आला.

येशू त्याला झापत नाही. सरळ 'हो' असंही म्हणत नाही. जे बघताय, ऐकताय ते जाऊन सांगा म्हणतो: आंधळ्यांना दिसतंय, पांगळे चालताहेत, गरिबांच्या कानावर सुवार्ता पडतेय. आणि शिष्य निघून गेल्यावर जमलेल्या लोकांना सांगतो की बायकांच्या पोटी जन्मलेल्यांत योहानाहून मोठा कुणी झाला नाही. शंका आली म्हणून योहान त्याच्या लेखी लहान झाला नाही.

त्याच दिवशी दुसरं वाचन याकोबाच्या पत्रातलं आहे. शेतकरी आधीच्या आणि नंतरच्या पावसाची वाट बघत धीर धरतो, तसं तुम्हीही धरा. यंदा नंतरच्या पावसाने काय केलं ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे हे वाचन ऐकताना पोटात कालवेल. तरी ऐकायचं.

सिंधुदुर्गी | ३० नोव्हेंबर

माका ह्यां वाचून रडाक इलां. वेंगुर्ल्याकडचा आहे, पुढचं मराठीत लिहितो.

आमची आजी आगमनकाळात गोठा लवकर मांडायची, पण गव्हाणी रिकामी ठेवायची. बाजूला पेंढ्याची जुडी. घरातल्या कुणीही दुसऱ्यासाठी काही केलं, तेही कुणाला न सांगता, तर त्याने एक काडी गव्हाणीत टाकायची. २४ च्या रात्रीपर्यंत बाळासाठी जेवढी गादी होईल तेवढी. एका वर्षी आम्ही भावंडं इतकी भांडलो होतो की जेमतेम मूठभर पेंढा जमला. आजीने बाळ तसंच उघड्या लाकडावर ठेवलं. काही बोलली नाही. मला आज चाळिशीत तो आवाज आठवतो, मूर्ती लाकडावर टेकल्याचा.

यंदा भात कापून पडलेलं असताना पाऊस लागला. पेंढा काळा पडला, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. बायको म्हणाली, गोठ्यासाठी विकतचं सोनेरी गवत आणू. मी नको म्हटलं. यंदा गव्हाणीत तो काळा पेंढाच जाणार. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात पहिला गोठा मांडला तेव्हा तिथे खरा बैल होता, खरं गाढव होतं, खरं गवत होतं. आपल्या गोठ्यांत हल्ली कारंजी आणि फिरते दिवे आहेत, स्पर्धेचे परीक्षक येतात म्हणून. स्पर्धा बंद करा असं मी म्हणणार नाही, मुलं त्या निमित्ताने रात्र रात्र एकत्र काम करतात. पण घरातला गोठा तरी आपल्या वर्षासारखा दिसावा.

वारकरी_पेण | १ डिसेंबर

मी ख्रिस्ती नाही, पण धागा पूर्ण वाचला. विचारलं तर चालेल ना? जांभळाच रंग का? आणि आमच्या एकादशीसारखा तुमचा उपवास असतो का या दिवसांत?

लाटेकाठी ताई, तुमच्या वाट पाहण्यावरून एक सुचलं. आमच्याकडे उलटं आहे. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, देव दारात आला, तर त्याने वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव अजून उभाच आहे. लहानपणी वडील सांगायचे, आपण वारीला जातो ते देवाला शोधायला नाही, तो कधीचा ताटकळलाय म्हणून जातो.

लाटेकाठी | १ डिसेंबर

दादा, चालेल काय, बरं वाटलं. जांभळा हा प्रायश्चित्ताचा आणि तयारीचा रंग, ईस्टरआधीच्या उपवासकाळातही तोच असतो. तिसऱ्या रविवारी गुलाबी, कारण अर्धी वाट सरली, आता आनंद करा असं त्या दिवसाचं सांगणं असतं. या चार रविवारी मिस्सात ग्लोरिया म्हणत नाहीत. बेथलेहेमच्या रात्री देवदूतांनी गायलेलं ते गीत, म्हणून ते त्या रात्रीसाठी राखून ठेवायचं. चार आठवडे गप्प राहिल्यावर नाताळच्या मिस्सात घंटा वाजतात आणि ते सुरू होतं, तेव्हा अंगावर काटा येतो. आगमनकाळात उपवासाचं बंधन नाही, ज्याचं त्याने ठरवायचं.

तुमच्या वडिलांचं वाक्य मी घरात वाचून दाखवलं. मुलगा म्हणाला, "म्हणजे आपण उशीर करतोय?"

रोखठोक | २ डिसेंबर

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. काडी टाका, मेणबत्ती लावा, सगळं छान. पण आपण कॅथलिक लोक भीती वाटली की लगेच प्रार्थनेची गोधडी ओढून झोपतो. योहान तुरुंगात का होता ते दर्यावर्दींनी लिहिलं नाही. हेरोद राजाने भावाची बायको ठेवली, हे चुकीचं आहे असं त्याने तोंडावर सांगितलं म्हणून तो आत होता. त्याच्या तयारीत बोलणंही होतं.

मुलांना आळीत कोंडून ठेवणं मला पटत नाही. संविधानाचं २५ वं कलम आपल्यालाही लागू आहे. पोलीस ठाण्यात आधी पत्र द्या, इमारतींच्या सेक्रेटरींना भेटा, वेळ ठरवा, रात्री दहाच्या आत संपवा, भोंगा नेऊ नका. आणि शेजाऱ्यांना नुसतं गाणं ऐकवू नका, गोठा बघायला घरी बोलवा. आपल्या घरात काय चालतं हे ज्यांनी कधी पाहिलंच नाही त्यांना काहीही सांगता येतं.

दर्यावर्दी | २ डिसेंबर

रोखठोक, मान्य. मी ते सोडायला नको होतं. फक्त एक. योहानाने खरं बोलून तुरुंगाचं दार उघडलं नाही, त्याचं डोकं गेलं. आपण पत्र दिलं, भेटलो, तरी सगळं नीट होईलच असं मुलांना सांगू नका. झालं नाही तर ती देवावर रुसतील. बोलायचं, कारण ते खरं आहे म्हणून.

जुनी_वसई | ४ डिसेंबर

गोन्सालो गार्सियांचं नाव अजून कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. आपल्या वसईचा माणूस. आधी व्यापारी, मग मनिलात संत फ्रान्सिसच्या संघातला (फ्रान्सिस्कन) ब्रदर, तिथून दुभाषा म्हणून जपानला गेला. डिसेंबर १५९६ मध्ये त्यांच्या मठाला पहारा बसला. म्हणजे त्यांचा शेवटचा नाताळ कैदेत गेला. जानेवारीत कानाचा तुकडा कापून गावोगाव फिरवलं, मग थंडीत पायी नागासाकीला नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं. १८६२ मध्ये ते संत झाले.

पुढचं मला जास्त ओढतं. नंतर जपानात धर्मगुरूच उरले नाहीत. दोनशे वर्षांहून जास्त काळ मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी घरातल्या घरात बाप्तिस्मे दिले, सणांच्या तारखा तोंडपाठ ठेवल्या. १८६५ मध्ये नागासाकीला फ्रेंच धर्मगुरूंनी नवं चर्च बांधलं, तेव्हा जवळच्या उराकामी गावाची काही माणसं आत शिरली आणि हळूच म्हणाली की आमचंही मन तुमच्यासारखंच आहे. त्यांनी विचारलं ते मरियेची मूर्ती कुठे आहे एवढंच.

मला रविवारी पाच मिनिटांवर चर्च आहे आणि मी प्रवचन चालू असताना बाहेर उभा राहून फोन बघतो. यंदाच्या आगमनकाळात मी तेवढंच सोडलंय.

रात्रपाळी | ७ डिसेंबर

नर्स आहे, अलिबागजवळ. पापनिवेदनाबद्दल ताईंनी विचारलं होतं, त्यावर कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते.

मी अकरा वर्षं गेले नव्हते. आधी ड्युटीचं कारण, मग लाज, मग सवय. कोविडच्या वॉर्डात जे पाहिलं त्यानंतर देवाशी बोलणंच बंद झालं होतं. गेल्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रात्रपाळी संपवून परत येताना चर्चचं दार उघडं दिसलं, फादर एकटेच बसले होते. गेले आणि म्हटलं, मला शब्द आठवत नाहीत. ते म्हणाले, शब्द मी सांगतो, तू ये. मी सगळ्यात आधी सांगितलं की मी देवावर चिडलेय. मला वाटलं उपदेश होईल. त्यांनी विचारलं, "हे त्याला सांगितलंस का?" मी नाही म्हटलं. "मग आज सांग." एवढंच. प्रायश्चित्त म्हणून दहा मिनिटं गप्प बसायला सांगितलं.

त्या दहा मिनिटांत मला चार पेशंटची नावं आठवली, ज्यांच्याशी मी दमून वाकडं बोलले होते. पाप म्हणून मी ते कधी धरलंच नव्हतं. म्हणून सांगते, २३ तारखेच्या रांगेत जाऊ नका. त्या रांगेत फादरही दमलेले असतात आणि आपलं लक्ष केकवर असतं. याच आठवड्यात जा. जाण्याआधी रात्री कागद घ्या आणि वर्षभरात आपल्यामुळे कुणाला सोसावं लागलं त्यांची नावं लिहा. माझ्या अनुभवात पापांच्या यादीपेक्षा नावं जास्त खरं बोलतात.

लाटेकाठी | ८ डिसेंबर

रात्रपाळी ताई, काल रात्री दोनला उठले आणि आकड्यांऐवजी नावं लिहायला बसले. तिसरंच नाव आमच्या एका खलाशाचं आलं. तलासरीकडचा पोरगा आहे. ऑगस्टमध्ये हिशोब करताना त्याची उचल मी दोनदा कापली. तेव्हा चुकून झालं. सप्टेंबरात माझ्या लक्षात आलं आणि मी गप्प बसले. तीन हजार रुपये. वर्ष वाईट आहे, पुढे बघू, असं स्वतःला सांगितलं. त्याचंही वर्ष वाईट होतं.

इतके दिवस मला वाटत होतं की माझी अडचण भीतीची आहे. भीती खरीच आहे. पण तिच्या आडून मी काय काय केलं, ते मी बघितलंच नव्हतं. लूकच्या शुभवर्तमानात लोक योहानाला विचारतात आम्ही काय करावं, तेव्हा तो कुणालाही मन शांत करा असं सांगत नाही. दोन अंगरखे असतील तर एक दे. जकातदारांना, ठरल्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना, पगारात भागवा.

आज निष्कलंक मातेचा, मरियेचा सण. संध्याकाळच्या मिस्साआधी पापनिवेदन करून आले. पैसे फराळाच्या डब्यातून काढलेत, म्हणजे यंदा करंज्या आणि तळलेले फुगे, बाकी काही नाही. तो बोटीवर आहे, आला की हातात देईन आणि का ते सांगेन. सांगणं पैसे देण्यापेक्षा जड जाणार आहे.

सिंधुदुर्गी | ८ डिसेंबर

ताई, ती काडी गव्हाणीत टाका.

कार्मेलची_वाट | १३ डिसेंबर

उद्याच्या तुरुंगातल्या योहानाबरोबर आणखी एक योहान जोडते. १४ डिसेंबर हा क्रुसाच्या संत योहानाचा दिवस. यंदा त्या दिवशी रविवार आल्याने त्यांचा सण पाळला जात नाही. १५७७ च्या डिसेंबरात त्यांच्याच कार्मेल संघातल्या लोकांनी त्यांना धरून स्पेनमधल्या तोलेदोच्या मठात एका कोंदट खोलीत कोंडलं. सुमारे नऊ महिने. नाताळ तिथेच गेला. आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीबद्दल पुढे त्यांनी जे लिहिलं ते अशा रात्री काढून लिहिलं आहे, आणि कैदेत असतानाच त्यांनी कविता रचायला सुरुवात केली. लाटेकाठी ताईंना 'बसूच नये का' असा प्रश्न पडला होता. ते बसले. अंधारातच बसले.

एक विनंती. उद्या घरी गुलाबी मेणबत्ती लावाल तेव्हा बेथलेहेमसाठी एक नमो मरिया म्हणा. २०२३ आणि २०२४ मध्ये युद्धामुळे तिथे नाताळचं झाड उभं राहिलं नव्हतं. गाझामधल्या एकुलत्या एका कॅथलिक चर्चवर १७ जुलैला मारा झाला, तीन माणसं गेली. पोप फ्रान्सिस जवळपास दर संध्याकाळी तिथे फोन करायचे. ते एप्रिलमध्ये गेले.

लाटेकाठी | २१ डिसेंबर

चौथी मेणबत्ती लावली. थोडं सांगायचं राहिलंय.

खलाशाला पैसे दिले. त्याला ठाऊक होतं. म्हणाला, "मला वाटलं तुम्ही विसरल्या." मी म्हटलं, विसरले नव्हते. तो काही बोलला नाही, नोटा घडी करून खिशात ठेवल्या. मला माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही.

मुलगा आणि त्याचे दोन मित्र पोलीस ठाण्यात पत्र देऊन आले, रोखठोक यांनी सुचवलं तसं. तीन इमारतींच्या सेक्रेटरींना भेटले. दोघांनी या म्हटलं, नऊच्या आत. एकांनी यंदा नको म्हटलं, कारण दिलं नाही. काल रात्री जाऊन आले. नको म्हणणाऱ्या इमारतीवरून जाताना मुलांनी गाणं थांबवलं आणि मुकाट्याने पुढे निघाली, तर पहिल्या मजल्यावरच्या एक बाई खाली उतरून आल्या आणि गेटवर उभ्या राहून म्हणाल्या, माझ्यापुरतं म्हणा. एक कडवं म्हटलं त्यांनी. घरी आल्यावर मुलाचा आवाज बसलेला होता.

आकडे अजून दोन वाजता येतात. आता मी उठून बोटीवरच्या सगळ्यांची नावं घेऊन जपमाळेची एक एक माळ म्हणते. कधी झोप लागते, कधी नाही.

सिंधुदुर्गी दादा, आमच्या गव्हाणीत पेंढा थोडाच आहे. बोंबलांच्या वलांडीखाली वाळूत उगवलेलं गवत मुलाने कापून आणलंय, खारट वास येतो त्याला.

बोट उद्या पहाटे जाते, २४ ला दुपारपर्यंत परततील असं म्हणाले. उशीर झाला तर आमच्या चर्चचा मिस्सा चुकेल. आसपास कुठे उशिराचा असेल तर कुणी सांगाल का?

जुनी_वसई | २१ डिसेंबर

आमच्याकडे मैदानात साडेनऊला आहे. मी दारापाशीच असेन. तुमच्या चौघांच्या खुर्च्या धरून ठेवतो, बोट लागली की तशाच या.